हातानं भरलेल्या रोलमधलं वऱ्हाड भंगारात जाऊ देऊ नका

पोस्ट मोठी आहे. राग आला तर येऊ द्या, पण पूर्ण वाचून येऊ द्या.

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन झाला. आपल्याकडे दरवर्षी होते तशी कॅमेऱ्याची पूजा झाली, हार झाले, नारळ फुटलं, ग्रुप फोटो निघाला. चांगलं आहे. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडलेच पाहिजेत. पण त्याच आठवड्यात अकोल्यात एका बंद पडलेल्या स्टुडिओचं सामान भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना पाहिलं. रंगवलेला पडदा, नक्षीची खुर्ची, एन्लार्जरचा खांब, आणि खाली तीन पोती. काय आहे म्हणून हात घातला तर निगेटिव्ह. बटर पेपरच्या पाकिटांत घातलेल्या, सुतळीनं बांधलेल्या. मालक वारले, पोरगा पुण्याला, गाळा भाड्यानं द्यायचा होता. भंगारवाला म्हणे, "याच्यात चांदी असते ना भाऊ, म्हणून घेऊन रायलो. नाहीतर कायले घेऊ हा कचरा?"

चांदी असते, हे खरं आहे. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवरचं चित्र चांदीचंच असतं. म्हणजे त्या पोत्यांची काहीतरी किंमत आहे हे आख्ख्या गल्लीत एकट्या भंगारवाल्याला माहीत होतं. मी एक पोतं सोडवून आणलं. दोन गेली.

नवीन पोट्ट्यांसाठी थोडं मागे जातो, कारण त्या पोत्यात काय होतं हे कळायला रोल कसा भरला जायचा हे कळलं पाहिजे.

मी बारावीनंतर दोन उन्हाळे मुर्तिजापूर भागातल्या एका स्टुडिओत काम केलं. मालकाला आम्ही काका म्हणायचो. तिथं कंपनीचा तयार रोल क्वचितच यायचा, तोही लग्नाच्या ऑर्डरसाठी. रोजच्या कामाचा रोल काका स्वतः भरायचे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म शंभर फुटांच्या लांब गुंडाळीत, काळ्या कागदात, गोल डब्यात बंद मिळायची. शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. छत्तीस फोटोंच्या एका रोलला सव्वापाच फूट लागतात. हिशोब करा: एका डब्यात अठरा-एकोणीस रोल. रिकाम्या कॅसेट जुन्याच, धुऊन-पुसून परत परत वापरलेल्या. कंपनीच्या रोलमध्ये तुम्ही कॅसेटचे, खोक्याचे, छपाईचे आणि नावाचे पैसे देता. इथं फक्त फिल्मचे.

काही जणांकडे त्यासाठी लोडर होता. काळ्या डबीसारखं यंत्र. अंधारात एकदा गुंडाळी आत टाकायची, मग दिवसाउजेडी मूठ फिरवून कॅसेटमध्ये पाहिजे तेवढी फिल्म ओढायची. आमच्या काकांकडे लोडर नव्हता. डार्करूमच्या भिंतीत दोन खिळे होते. पहिल्या खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत फिल्म ताणली की छत्तीसचा रोल. मधे अजून एक खिळा होता, तो बाराचा. सगळं मिट्ट काळोखात. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो, ही फिल्म त्या लाल दिव्यालाही जळते. पहिल्या दिवशी मी विचारलं, काका, थोडा तरी उजेड? तर म्हणे, "अबे, उजेडच पायजे तर बाहेर बस ना, पानठेल्यावर."

बोटांनीच सगळं. फिल्मचं टोक कॅसेटच्या दांडीला चिकटपट्टीनं लावायचं, हळू गुंडाळायचं, झाकण दाबून बसवायचं. हळू का, तर आपल्याकडची हवा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत फिल्म झटक्यात गुंडाळली की घर्षणानं ठिणगी पडते आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटतात. कॅसेटच्या तोंडाला मखमल असते, तिच्यात एक कण अडकला की सगळ्या छत्तीस फोटोंवर एकच लांब ओरखडा. आणि आपल्या गावात कण कशाचा? जिनिंगच्या हंगामात कापसाचा. फिल्म धुवायच्या औषधाचं तापमान वीस अंश पाहिजे, असं डब्यावर लिहिलेलं असायचं. मे महिन्यात अकोला पंचेचाळीसच्या वर. मग बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, फोडून परातीत टाकायची आणि तिच्यात टाकी ठेवायची. ज्या देशात तो डबा छापला, तिथल्या माणसाच्या स्वप्नात तरी आली असेल का ही परात?

याला आता लोक हसून "जुगाड" म्हणतात. माझं पहिलं भांडण इथं आहे.

जुगाड म्हणजे तात्पुरती ठिगळं. हे ठिगळ नव्हतं, ही पद्धत होती. जगभरच्या शाळांतून, वर्तमानपत्रांतून, प्रयोगशाळांतून लोक असेच रोल भरायचे, कंपन्या मुद्दाम शंभर फुटी गुंडाळ्या त्यासाठीच बनवायच्या. आपल्याकडे मात्र तिच्याशिवाय इलाज नव्हता. परदेशी मालावर परवाने आणि जकात. मिळायचं ते पूर्व जर्मनीच्या वोल्फेनमधलं ऑर्वो, कारण त्या देशाशी आपला व्यवहार रुपयांत चालायचा. आणि आपलं स्वतःचं इंदू. उटीला १९६० साली सरकारनं हिंदुस्थान फोटो फिल्म्स उभी केली, फ्रेंच कंपनीच्या मदतीनं, आणि १९६७ पासून तिथं उत्पादन सुरू झालं. हॉस्पिटलची एक्स-रे फिल्म, सिनेमाची फिल्म, फोटोचा कागद, सगळ्यांवर इंदू. याशिवाय मुंबईच्या सिनेमावाल्यांकडून उरलेले फिल्मचे तुकडे यायचे. सिनेमाची आणि आपल्या कॅमेऱ्याची फिल्म एकाच रुंदीची, भोकंही जुळतात. म्हणजे कुठल्यातरी नटीच्या पिक्चरमधून उरलेल्या तुकड्यावर मुर्तिजापूरच्या पोराचा दहावीच्या फॉर्मचा फोटो निघायचा.

आणि इथंच खरी गोष्ट आहे.

दर्यापूर, अकोट, बार्शीटाकळीकडच्या खेड्यातला माणूस फॉर्मसाठी फोटो काढायला यायचा. सकाळच्या एसटीनं आला, संध्याकाळच्या एसटीनं परत. फॉर्मची शेवटची तारीख उद्या. कंपनीचा रोल छत्तीसचा. पाच गिऱ्हाइकं झाली म्हणून काय रोल काढून धुणार? उरलेले एकतीस फुकट. मग एक तर गिऱ्हाइकाला म्हणायचं, "रोल संपला की या, चार दिवसांनी." नाहीतर नुकसान सोसायचं. काका काय करायचे? सहा फोटोंचा रोल भरायचे. दोन फूट फिल्म, बस. दुपारी बारापर्यंतचे फोटो एकला धुतले, पंख्याखाली सुकवले, चारला कापून पाकिटात. माणूस पाचच्या गाडीत.

तो फोटो चार दिवसांनी मिळाला असता तर फॉर्म राहिला असता. परीक्षा, नोकरी, कर्जाचा अर्ज, पेन्शन, ज्याला ज्याला आपल्याकडे फोटो चिकटवावा लागला, त्या प्रत्येक कागदामागे कुणाचा तरी हा दोन फुटांचा रोल आहे. या जिल्ह्यांतल्या गरीब माणसाच्या तोंडाचा पहिला फोटो बहुतेक असाच निघाला. त्याला जुगाड म्हणायचं असेल तर म्हणा बावा, पण आपल्या आजोबाचा फोटो भिंतीवरून काढून मग म्हणा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहून रायला. हो, लबाडी होती. मोठ्या कंपनीच्या रिकाम्या कॅसेटमध्ये हलकी फिल्म भरून नवीन म्हणून विकणारे होते. मुदत संपलेला डबा स्वस्तात घेऊन लग्नाला वापरणारे होते. बारीक फुंकल्यासारखे करडे फोटो हाती आल्यावर नवरीच्या बापानं घातलेल्या शिव्या मी स्वतः ऐकल्या आहेत. झाकण सैल बसून उजेड शिरला आणि आख्खं साखरपुड्याचं काम काळं झालं, हे माझ्याच हातून झालं. त्या दिवशी काकांनी गिऱ्हाइकाचे पैसे परत केले आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पण चार लबाडांमुळे आख्खी विद्या लबाड ठरत नाही. दुधात पाणी घालतात म्हणून कुणी गाई विकत नाही.

मग रंगीत आलं, मोठ्या शहरात लॅब आल्या, मग डिजिटल, मग मोबाइल. ऑर्वोचा कारखाना जर्मनी एक झाल्यावर मोडला. उटीची कंपनी नव्वदच्या दशकात आजारी ठरली आणि पुढं कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन बंद झाली. एक्स-रे आता स्क्रीनवर दिसतो. त्याबद्दल मी रडत नाही. काळ बदलला, बदलू द्या. मला कुणाला परत डार्करूममध्ये बसवायचं नाही.

माझं दुसरं आणि मोठं भांडण हे की, कारखाना गेला तर गेला, त्या फिल्मवर जे उमटलं ते तरी ठेवायचं होतं. ते कुठं आहे?

माळ्यावर. पत्र्याखाली. पोत्यात.

विचार करा त्या निगेटिव्हमध्ये काय असू शकतं. स्टुडिओवाला फक्त स्टुडिओत बसत नव्हता. रोलच्या शेवटी दोन-चार फोटो उरले की तो दारात येऊन समोरचा चौक काढायचा, कारण फिल्म भरलेलीच आहे, फुकट कशाला घालवायची. १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं. त्याच साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा, दोन दोन रात्री गाडीखाली झोपलेले शेतकरी. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली झालं, त्याच्या आधीची आंदोलनं. श्रावणातल्या कावडी, गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजेश्वराकडं निघालेल्या. शकुंतला रेल्वे, तिचं इंजिन, तिच्या टपावर बसलेली पोरं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मैदानं. शाळांची गॅदरिंग, सत्यशोधकी लग्नं, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थना. मी आणलेल्या एका पोत्यात बाजाराच्या दिवसाचे वीस-बावीस फोटो आहेत, आणि त्यात मिरच्यांच्या ढिगाऱ्यामागे बसलेली एक बाई थेट कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. कुणाची आजी असेल ती? तिच्या घरात तिचा एक तरी फोटो असेल का?

मुंबई-पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला वर्तमानपत्रांची, सरकारची, श्रीमंत घराण्यांची छायाचित्रं मिळतात. आपल्या तालुक्यांचे फोटो काढायला बाहेरून कोण येणार होतं? आत्महत्यांची बातमी झाली तेव्हा आले, कॅमेरे घेऊन. त्याच्या आधीचं वऱ्हाड कसं दिसायचं, हसायचं कसं, नेसायचं काय, हे सांगणारी चित्रं फक्त या हातानं भरलेल्या रोलमध्ये आहेत. ती गेली की जगाच्या डोळ्यांपुढं वऱ्हाड म्हणजे फक्त एक प्रेत आणि एक फवारणीची बाटली. हे चालेल तुम्हाला?

आणि वेळ नाही, हे नीट समजून घ्या. त्या काळच्या बहुतेक फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा. तो उष्णतेनं आणि दमटपणानं कुजतो. कुजताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. डबा उघडल्यावर आंबट वास आला तर समजा सुरुवात झाली. पुढं फिल्म आकसते, वाकडी होते, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. एकदा सुरू झालं की ते आम्लच पुढची कुज वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागतं. जितकी गरमी जास्त, तितकी कुज लवकर. आता सांगा, पत्र्याच्या माळ्यावर अकोल्याचा मे आणि त्याच्यावर जुलैचा ओलावा. माझ्या पोत्यातल्या पाच-सहा गठ्ठ्यांना वास आलेला आहे.

यात अजून एक अडचण आहे, आणि ती खास हातानं भरलेल्या रोलची आहे. कंपनीच्या रोलवर कडेला एक, दोन, तीन असे छत्तीसपर्यंत आकडे छापलेले असतात. शंभर फुटी गुंडाळीवर आकडे चालत राहतात, तुमचा रोल कुठूनही कापलेला. म्हणजे वहीत "फोटो नंबर १" लिहिलंय आणि निगेटिव्हच्या कडेला आकडा १७. मग जुळवायचं कसं? तर स्टुडिओच्या खुणेवरून. आमचे काका कडेला कात्रीनं खाच मारायचे, एक खाच सोमवार, दोन मंगळवार. कुणी पाकिटावर लिहायचं, कुणी डोक्यात ठेवायचं. आणि ती वही. गावाचं नाव, माणसाचं नाव, कशासाठी फोटो, किती कॉपी, बाकी किती. वही आणि म्हातारा दोन्ही असतील तरच निगेटिव्ह बोलते. म्हातारे आता सत्तर-ऐंशीचे आहेत. वही आधी रद्दीत जाते, कारण ती कागदाची आहे आणि रद्दीवाला दारात येतो.

मी या कामासाठी एका सरकारी कचेरीत गेलो होतो. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण हे कोणत्या हेडखाली बसवायचं?" इतिहासाला हेड नाही. चौकात शहराचं नाव लिहिलेली रंगीत अक्षरं उभी करून पुढं सेल्फी काढायला मात्र हेड निघतं. सेल्फी काढा, माझी ना नाही. पण पाठीमागे जे शहर उभं आहे ते पन्नास वर्षांपूर्वी कसं होतं हे दाखवणारं पोतं भंगारात घालून समोरची अक्षरं रंगवणं, याला मी तरी विकास म्हणणार नाही.

दोन आक्षेप येतील, आधीच उत्तर देतो.

"लोकांकडं प्रिंट आहेत की." प्रिंट आहे ती कापलेली. खांद्याच्या वरचा भाग, तीही पिवळी पडलेली. निगेटिव्हमध्ये आख्खा माणूस आहे, त्याच्या पायातली चप्पल आहे, बाजूला थांबलेली बायको आहे. आणि चौकातले फोटो तर कुणी छापलेच नाहीत.

"लोकांचे खाजगी फोटो आहेत, बायाबापड्यांचे आहेत." हा आक्षेप बरोबर आहे आणि मी त्याचा मान ठेवतो. म्हणूनच हे काम फेसबुकवर धडाधड टाकायचं नाही. स्टुडिओच्या घरच्यांशी लेखी करार हवा, घरगुती फोटो काही वर्षं बंद ठेवायला हवेत, कुणी आपला फोटो काढून घ्या म्हटलं तर काढला पाहिजे. पण खाजगी आहे म्हणून भंगारवाल्याला देणं, हा कुठला खाजगीपणा?

हे अशक्य नाही. मध्य प्रदेशात उज्जैनजवळ नागदा नावाचं कारखान्याचं गाव आहे, अकोल्यापेक्षा कितीतरी लहान. तिथल्या सुहाग स्टुडिओच्या निगेटिव्हवर एका अभ्यासकानं काम केलं आणि २०१३ साली त्याचं देखणं पुस्तक निघालं. तमिळनाडूत जुन्या स्टुडिओंचे फोटो पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं स्कॅन केले. नागद्याला जमतं, तमिळनाडूला जमतं, मग आपल्याले काहून नाही जमत?

म्हणून मागणी साधी आहे.

एक. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठानं एक थंड, कोरडी खोली द्यावी आणि स्टुडिओंच्या निगेटिव्ह व वह्या तिथं ठेवायला घ्याव्यात. महाल नको, एसी चालू राहील अशी खोली पाहिजे.

दोन. अमरावती आणि अकोला महापालिकांनी आपापल्या शहरातल्या जुन्या स्टुडिओंची यादी करावी. फक्त यादी. एक उन्हाळी सुट्टी आणि कॉलेजची दहा पोरं पुरतील.

तीन. फोटोग्राफर संघटनांनी पुढच्या १९ ऑगस्टला पूजेनंतर एक तास काढावा, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याला बसवावं आणि मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करावं. रोल कसा भरायचा, खाच कशाची, वही कशी वाचायची. शाल-श्रीफळ द्याच, पण आधी ऐकून घ्या.

चार. तुम्ही, जे आत्ता वाचताय. गल्लीत कुठला स्टुडिओ बंद होत असेल तर दुकान रिकामं व्हायच्या आधी घरच्यांना भेटा. पोती उन्हातून खाली आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आम्ल आत कोंडतं. कागदी पाकीट, पुठ्ठ्याचा खोका, घरातली सगळ्यात थंड खोली. आंबट वास येणारे गठ्ठे वेगळे ठेवा. आणि वही रद्दीत देऊ नका, तेवढं तरी करा.

काका गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या निगेटिव्हचं काय झालं ते मी विचारायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. डार्करूमची आता मोबाइल रिचार्जची दुकान आहे. भिंतीला नवीन रंग दिलाय, पण ते तीन खिळे कुणी काढले नाहीत. एकावर कॅलेंडर टांगलंय.

तुमच्या गावात कुणाकडं अशी पोती, वह्या, डबे असतील तर मला कळवा. उन्हाळा लागायच्या आत कळवा.